अमेरिकन विद्यापीठात फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी सल्लागार म्हणून रुजू होताना

हायर एज्युकेशन किंवा स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स करायला अमेरिकेत आलेल्या आपल्या मुलामुलींना असिस्टंटशिप (शिकता शिकता करायची अर्धवेळ नोकरी) मिळते ती बहुधा हॉस्टेलमध्ये, नाहीतर इंटरनॅशनल ऑफिसात. कधीकधी मात्र ऑफर लेटर येतं ते ‘फ्रॅटर्निटी अँड सोरॉरिटी लाइफ’ नावाच्या ऑफिसचं. मग मला मेसेज सुरू होतात. दादा, हे नक्की काय असतं? ती दारू पिऊन धिंगाणा घालणारी पोरंच ना? त्यांना मी काय सल्ला देणार?

मध्य-पश्चिमेकडच्या एका सरकारी विद्यापीठात मी आधी ग्रॅज्युएट असिस्टंट आणि पुढे कोऑर्डिनेटर म्हणून हेच काम केलं. प्रत्येकाला निरनिराळं सांगत बसण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून काढतो.

थोडी पार्श्वभूमी. फ्रॅटर्निटी ही कॉलेजातल्या मुलांची संघटना, सोरॉरिटी मुलींची; दोन्ही ग्रीक अक्षरांनी ओळखल्या जातात, आणि एकेका कॅम्पसवरच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. ग्रीक अक्षरांची पहिली संघटना फाय बीटा कॅपा. ती १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली आणि आज ती गुणवंतांची मानाची संस्था आहे, पार्ट्यांशी तिचा संबंध नाही. आजच्या अर्थाच्या ‘सोशल’ फ्रॅटर्निटींची सुरुवात १८२५ पासून, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातून धरतात. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात फक्त मुलांची किंवा फक्त मुलींची संघटना चालते कशी, असा प्रश्न आपल्याला पडतोच. लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा. १९७४ च्या दुरुस्तीने या संघटनांच्या सदस्यत्वाला त्यातून सूट मिळाली. हे उत्तर तयार ठेवा, पालक विचारतात.

आपल्याकडचं गणेशोत्सव मंडळ डोळ्यांसमोर आणा. वर्गणी, दर वर्षी बदलणारे पदाधिकारी, पडद्यामागून सूत्रं हलवणारे जुने कार्यकर्ते, शेजारच्या मंडळाशी चुरस, वर्षभराचं समाजकार्य आणि त्या सगळ्यावर पाणी फिरवू शकणारी एखादी रात्र. इथपर्यंत जुळतं. फरक एवढाच, की या मंडळाचं मुख्यालय हजार मैलांवर असतं, सनद तेच देतं आणि तेच काढून घेतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या: चॅप्टर तुमचं नाही. त्याचा अध्यक्ष तुम्ही नेमत नाही, बँक खातं तुमच्या ताब्यात नसतं, घर बहुतेक वेळा विद्यापीठाच्या मालकीचं नसतं. तुमच्या हातात दोनच गोष्टी असतात, विद्यार्थ्यांशी असलेला संबंध आणि वेळेवर केलेला कागद. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

१. चार परिषदा आधी समजून घ्या

प्रत्येक चॅप्टर कुठल्यातरी परिषदेत बसतं. लहान कॅम्पसवर परिषदा कमी असतील, मोठ्यावर जास्त, पण साधारण चित्र असं असतं.

पहिली आयएफसी, म्हणजे इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिल. यात मुलांच्या जुन्या, बहुतांशी गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटी येतात. यांची देशपातळीवरची संघटना १९०९ पासूनची आहे, मात्र सगळ्या फ्रॅटर्निटी तिच्या सभासद नाहीत. मोठी घरं यांची, मोठ्या पार्ट्याही यांच्याच. तुमच्या कपाटातल्या जाडजूड फायली बहुतेक यांच्याच निघतील.

दुसरी पॅनहेलेनिक कौन्सिल. तिची देशपातळीवरची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स १९०२ ची, सभासद सोरॉरिटी २६. सगळ्यात जाड नियमपुस्तक यांचं. ते वाचायला कंटाळा येतो, तरी वाचा. पॅनहेलेनिकच्या मुलींना नियम तोंडपाठ असतात आणि तुम्हाला ते येत नाहीत हे त्यांच्या दुसऱ्या मिनिटाला लक्षात येतं.

तिसरी नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल, एनपीएचसी. नाव जवळजवळ तेच, जग पूर्ण वेगळं. नव्या माणसाची पहिली फजिती इथेच होते, एका यादीचा ईमेल दुसऱ्या यादीला जातो. ही १९३० मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. तिच्यात नऊ कृष्णवर्णीय संघटना आहेत, म्हणून त्यांना ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात. अल्फा फाय अल्फा ही त्यांतली सगळ्यात जुनी, १९०६ ची, कॉर्नेलमधली. मार्टिन ल्यूथर किंग याच संघटनेचे. कमला हॅरिस अल्फा कॅपा अल्फाच्या, जी १९०८ मध्ये हॉवर्डमध्येच सुरू झाली. गोऱ्यांच्या संघटनांची दारं बंद होती त्या काळात या उभ्या राहिल्या. इथलं सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही. साठीतल्या बाई तुमच्या ऑफिसात येऊन आपण त्या चॅप्टरच्या ॲडव्हायझर असल्याचं सांगतील, तेव्हा उठून उभे राहा. त्यांचं स्ट्रोलिंग (ओळीने नाचत चालणं), त्यांच्या हाका, हाताच्या खुणा हे सगळं त्यांचं आहे. कौतुक करा, नक्कल चुकूनही करू नका, आणि दुसऱ्या परिषदेतली मुलं ग्रीक वीकमध्ये, म्हणजे या संघटनांच्या आठवडाभराच्या उत्सवात, करायला निघाली तर वेळीच थांबवा.

चौथी मल्टिकल्चरल ग्रीक कौन्सिल, एमजीसी. लॅटिनो, आशियाई, बहुवांशिक संघटना इथे येतात आणि आपल्याही इथेच. दक्षिण आशियाई संघटना बहुतेक नव्वदच्या दशकात उभ्या राहिल्या: आयोटा न्यू डेल्टा १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला, सिग्मा बीटा ऱ्हो १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये ऑस्टिनला, मुलींची डेल्टा फाय ओमेगा त्याच वर्षी ह्यूस्टनला. चॅप्टर छोटी असतात, घर नसतं, स्टुडंट युनियनच्या खोलीत बैठका होतात. खजिनदार आणि सचिव एकच व्यक्ती असणंही नवलाचं नाही.

इथे एक सापळा आहे. तुम्ही भारतीय म्हटल्यावर ऑफिस ही चॅप्टर डोळे झाकून तुमच्याकडे देईल. ती मुलं तुम्हाला भैया किंवा दीदी म्हणतील, आईच्या हातच्या पोह्यांच्या गप्पा होतील, आणि महिनाभरात एक फॉर्म उशिरा आला तर ‘चालवून घ्या ना’ सुरू होईल. प्रेमाने राहा, पण तारीख सगळ्यांना एकच ठेवा. आणि आयएफसीचं काम मागून घ्या. नाहीतर वर्षअखेरीस तुमच्या बायोडेटावर फक्त ‘मल्टिकल्चरल’ राहील आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत अडचण होईल.

२. प्रत्येक चॅप्टरमागे कोण कोण आहे, याचा तक्ता करा

पहिल्या आठवड्यात बाकी काही नाही जमलं तरी हे करा. एका चॅप्टरमागे साधारणपणे इतकी माणसं असतात: अध्यक्ष आणि कार्यकारिणी, माजी सदस्यांपैकी चॅप्टर ॲडव्हायझर, मुख्यालयातला कर्मचारी, सेमिस्टरला एखादी फेरी मारणारा कन्सल्टंट (हा बहुधा नुकताच पदवीधर झालेला, सुटकेसवर जगणारा पोरगा असतो), घर असेल तर हाऊस कॉर्पोरेशन, म्हणजे माजी सदस्यांची मालमत्ता सांभाळणारी कंपनी, आणि सोरॉरिटीत बऱ्याचदा घरात राहणाऱ्या हाऊस डायरेक्टर.

प्रत्येकाचं नाव, फोन, आणि पुढच्या रकान्यात त्या माणसाचा अधिकार लिहा. सदस्याला काढण्याचा अधिकार कुणाला? घराची झडती कोण घेऊ शकतं? चॅप्टर तात्पुरतं कोण थांबवू शकतं? विद्यापीठ मान्यता काढू शकतं, सनद मात्र मुख्यालयच काढतं. दोन्ही एकाच वेळी झालं नाही तर मान्यता गेलेलं चॅप्टर शहरातल्या भाड्याच्या घरात तसंच चालू राहतं. अशा ‘अंडरग्राउंड’ गटावर विद्यापीठाचा जवळजवळ काहीच ताबा उरत नाही. चॅप्टर बंद केलं की प्रश्न मिटला, असं वरिष्ठ म्हणायला लागले तर हा मुद्दा नम्रपणे त्यांच्यापुढे ठेवा.

विद्यापीठ आणि चॅप्टर यांच्यातला मान्यतेचा करार मिळवून वाचा. कित्येक ठिकाणी तो कुणीच वाचलेला नसतो.

३. हे कागद आणि साधनं हाताशी ठेवा

- सगळ्या चॅप्टरची ताजी सदस्ययादी. हिला रोस्टर म्हणतात. दर सेमिस्टरला ठरलेल्या तारखेला मागवायची.
- प्रत्येक सदस्याने सही केलेलं गुण पाहण्याचं संमतीपत्र. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे याशिवाय कुणाचेही गुण चॅप्टरला दाखवता येत नाहीत.
- हेझिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, नव्या-जुन्या सर्व सदस्यांचं. हेझिंग म्हणजे संघटनेत येणाऱ्यांचा छळ, आपल्या रॅगिंगसारखा.
- नव्या सदस्यांच्या कार्यक्रमाचं आठवडावार वेळापत्रक, सुरुवात आणि शेवटाच्या तारखेसह.
- मुख्यालयाकडून आलेलं विम्याचं प्रमाणपत्र.
- कार्यक्रम नोंदणीचे फॉर्म आणि पाहुण्यांच्या याद्या.
- घर असेल तर अग्निसुरक्षा तपासणीचा शेवटचा अहवाल.
- विद्यापीठाची आचारसंहिता, राज्याचा हेझिंग कायदा आणि ऑन-कॉल यादी (रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा ती). तिन्हींची छापील प्रत बॅगेत.

चॅप्टरचे सरासरी गुण दर सेमिस्टरला जाहीर करायची पद्धत आहे. पाच-सहा जणांच्या चॅप्टरची सरासरी जाहीर केली तर कोण नापास झालं हे सगळ्यांना कळतं. इतक्या लहान चॅप्टरचा आकडा वेगळा छापू नका.

सरकारी विद्यापीठात असाल तर आणखी एक. तुमचे ईमेल राज्याच्या माहिती कायद्याखाली मागवता येतात, आपल्या माहिती अधिकारासारखेच. उद्याच्या वर्तमानपत्रात आलेलं चालेल तेवढंच लिहा. चॅप्टरच्या अध्यक्षाशी व्हॉट्सॲपवर कामाचं बोलू नका, थट्टा तर मुळीच नको.

४. ऑगस्ट: रिक्रूटमेंटच्या धांदलीत टिकून राहा

बहुतेक मोठ्या कॅम्पसवर पॅनहेलेनिकची मुख्य रिक्रूटमेंट, म्हणजे नव्या मुली घेण्याची मोहीम, ऑगस्ट-सप्टेंबरात होते, काही ठिकाणी जानेवारीत. शेकडो, दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांत हजारांच्या वर मुली ठरलेल्या क्रमाने एकेका सोरॉरिटीच्या घरी जातात, रोज थोडी घरं कमी होत जातात, आणि शेवटी ‘बिड डे’ला (बिड म्हणजे सदस्यत्वाचं आमंत्रण) कागद उघडून कळतं कुठे निवड झाली. बाहेरून हे पाहताना लग्नाच्या हॉलसारखं दिसतं, आत मात्र सगळा हिशोब असतो.

तो हिशोब समजून घ्या. ‘कोटा’ म्हणजे या फेरीत एका चॅप्टरने किती मुली घ्यायच्या तो आकडा, आणि ‘टोटल’ म्हणजे चॅप्टरची एकूण अनुमत संख्या. कोणत्या घराने रोज किती जणींना पुढे बोलवायचं हे आधीच्या वर्षांच्या आकड्यांवरून ठरतं, म्हणजे लोकप्रिय घरं शंभर मुलींना शेवटपर्यंत आशेवर ठेवून ऐनवेळी सोडत नाहीत. शेवटच्या दिवशी मुलगी एका बंधनकारक करारावर सही करते. त्यात लिहिलेल्या घराकडून बिड आली आणि तिने नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवरच्या दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरॉरिटीत तिला जाता येत नाही. सहीच्या खोलीत हे प्रत्येकीला सावकाश समजावून सांगणारं माणूस हवं. ते माणूस तुम्ही असाल. अठरा वर्षांची मुलगी चार रात्री झोपलेली नसते, तिला पेन दिलं की ती कशावरही सही करते. नको असलेलं घर यादीत लिहायचं की नाही, हा निर्णय तिचा. पण परिणाम कळल्याशिवाय तिला लिहू देऊ नका.

रिक्रूटमेंटमध्ये मुलींना मार्गदर्शन करणाऱ्या काउन्सेलर मुली आपल्या स्वतःच्या सोरॉरिटीपासून त्या काळापुरत्या अलिप्त राहतात. त्यांच्या इन्स्टाग्रामवर लक्ष असू द्या, बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात.

पालकांचे फोन येतील. “माझ्या मुलीला का घेतलं नाही?” तुम्हाला कारण माहीत नसतं, माहीत असलं तरी सांगायचं नसतं. मुलगी कशी आहे, जेवली का, कुणाशी बोलली का, हे विचारा. फोन पाच मिनिटांत शांत होतो.

आयएफसीची रिक्रूटमेंट सैल असते, तिच्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. एनपीएचसीची पद्धत अगदी उलटी आहे. तिथे ‘इनटेक’, म्हणजे नवे सदस्य घेणं, गुप्तपणे चालतो, कोण इच्छुक आहे हे कुणी बोलत नाही, तारखा प्रादेशिक अधिकाऱ्यांच्या मंजुरीने ठरतात, आणि शेवटी नवे सदस्य कॅम्पससमोर सादर होतात तो मोठा सोहळा असतो. तुमच्याकडे नावांची यादी आधी येईल. ती कुठेही बोलायची नाही, सहकाऱ्याशी सहज म्हणूनसुद्धा नाही. एका निष्काळजी वाक्याने वर्षभराचा विश्वास जातो.

५. अध्यक्षांना दर दोन आठवड्यांनी भेटा, संकट नसतानाच

चॅप्टरच्या बैठका रविवारी किंवा सोमवारी रात्री असतात. तुमचं काम म्हणूनच नऊ ते पाच राहत नाही. आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी जातील हे धरून चाला आणि सकाळची सवलत वरिष्ठांकडून आधीच मागून घ्या.

वीस वर्षांचा अध्यक्ष शंभर मुलांची जबाबदारी, सहा आकडी डॉलरचं बजेट आणि स्वतःची ऑरगॅनिक केमिस्ट्री एकाच वेळी सांभाळत असतो. त्याच्याशी पहिल्या तीन भेटींत नियमांबद्दल काही बोलू नका. घर कुठलं, चॅप्टरमध्ये का आला, झोप किती होते, ऐकत कोण नाही. चौथ्या भेटीत तो स्वतःच म्हणेल, “आमच्या न्यू मेंबर एज्युकेटरबद्दल जरा बोलायचं होतं.” या वाक्यासाठीच आधीच्या भेटी असतात. (न्यू मेंबर एज्युकेटर म्हणजे नव्या सदस्यांना तयार करणारा पदाधिकारी.)

आणि हे वाक्य यायच्या आधी त्याला तुमची मर्यादा माहीत असली पाहिजे. कॅम्पसवरचे गुन्हे नोंदवायला लावणाऱ्या क्लेरी कायद्याखाली विद्यार्थी-संघटनांचे सल्लागार ‘कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी’ मानले जातात, कळलेला गुन्हा कळवावाच लागतो. लैंगिक छळाबद्दल ऐकलं तर बहुतेक विद्यापीठांत टायटल नाइन ऑफिसला सांगणं बंधनकारक असतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. उलट पहिल्याच भेटीत सांगा: अमुक गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात, गुप्तपणे बोलायचं असेल तर काउन्सेलिंग सेंटरमध्ये बोल, चल, मी तिथपर्यंत सोबत येतो.

६. पार्टीची नोंदणी: फॉर्म भरला म्हणून पार्टी सुरक्षित होत नाही

अमेरिकेत दारू पिण्याचं वय २१. चॅप्टरमधले निम्म्याहून जास्त सदस्य त्याखालचे असतात. सगळ्या नियमांची गोम या एका विसंगतीत आहे.

आयएफसीच्या देशपातळीवरच्या संघटनेने सप्टेंबर २०१९ पासून आपल्या सभासद फ्रॅटर्निटींच्या घरांत १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या दारूला मनाई केली; परवानाधारक बाहेरचा विक्रेता ती देत असेल तर अपवाद. बहुतेक सोरॉरिटींच्या घरात दारू चालतच नाही, म्हणून त्यांच्या पार्ट्या मुलांच्या घरी होतात, आणि घर ज्यांचं, दरवाजा, दारू नि वरच्या खोल्याही त्यांच्याच ताब्यात राहतात. हे सत्तेचं गणित सोरॉरिटीच्या अध्यक्षांशी उघड बोला.

नोंदणीचा फॉर्म हातात आला की चारच गोष्टी विचारा. शुद्धीत राहणारे कोण, त्यांची नावं? दारू कोण ओततंय? एखादी मुलगी एकटी पडली तर तिला घरी कोण सोडणार? जवळचं हॉस्पिटल कुठलं? पहिल्या प्रश्नाला “नवे मेंबर” असं उत्तर आलं तर थांबवा. नव्यांना नोकरासारखं राबवणं हीच हेझिंगची पहिली पायरी असते.

पार्टीची थीमही वाचा. ‘बॉलिवुड नाइट’ म्हणून कपाळाला टिकल्या आणि नकली उच्चार घेऊन येणारे तुम्हाला भेटतीलच. तेव्हा चिडून उपयोग नसतो, थीम एक आठवडा आधी बदलून घेतलेली बरी.

७. हेझिंग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्याला रॅगिंग माहीत आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा, यूजीसीचे नियम २००९ चे. पण रॅगिंगचा चष्मा लावून हेझिंग पाहिलं तर अर्धं दिसतच नाही. रॅगिंगमध्ये ज्युनियरला सुटका हवी असते. इथे त्याला आत यायचं असतं. तो स्वतः होकार देतो, मित्रांना खोटं सांगतो, तुम्ही विचारलंत तर हसतो. तक्रारपेटी ठेवून वाट पाहत बसलात तर ती रिकामीच राहील.

डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट या केंद्रीय कायद्यावर सही झाली. त्याच्या व्याख्येत व्यक्तीची तयारी होती की नव्हती याला महत्त्वच नाही. विद्यापीठांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागते, आणि दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती संकेतस्थळावर उघड ठेवून वर्षातून किमान दोनदा अद्ययावत करावी लागते. हे काम कोण करणार, हे तुमच्या ऑफिसात ठरलेलं आहे का, ते आधी विचारा. राज्यांचे कायदे वेगळे आणि बरेच कडक आहेत. पेनसिल्व्हेनिया आणि लुइझियाना, दोन्हींनी २०१८ मध्ये केलेले कायदे आदल्या वर्षी हेझिंगमध्ये जीव गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांनी ओळखले जातात.

अशा घटना वाचा. पेन स्टेटमध्ये फेब्रुवारी २०१७ मध्ये, नव्या सदस्यांच्या स्वागताच्या रात्री, एक मुलगा भरपूर दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला आणि त्यानंतर जवळजवळ बारा तास कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही; तो वाचला नाही. फ्लोरिडा स्टेटमध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरात, व्हर्जिनिया कॉमनवेल्थमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये, ओहायोतल्या बोलिंग ग्रीनमध्ये मार्च २०२१ मध्ये मुलं गेली, ती तिन्ही ‘बिग-लिटल’च्या रात्री. नव्या सदस्याला ‘मोठा भाऊ’ मिळतो, तो त्याला बाटली देतो, आणि ती संपवायची असते. बाटली म्हणजे घराण्याची परंपरा, असं त्यांना वाटतं.

यातून तुमच्यासाठी निघणारं काम अगदी ठोस आहे. प्रत्येक चॅप्टरची बिग-लिटलची रात्र कोणती, ते तारखेनिशी माहीत असू द्या. वेळापत्रकात ती लिहिलेली नसेल तर विचारा. त्या आठवड्यात चॅप्टर ॲडव्हायझरला फोन करा, त्या रात्री ते घरात असावेत असं मागा. नव्या सदस्यांना जुन्यांच्या अनुपस्थितीत भेटा आणि ‘हेझिंग होतं का’ असं विचारू नका, उत्तर नाहीच येतं. त्याऐवजी विचारा: काल किती वाजता झोपलास? फोन तुझ्याकडेच असतो ना? गाडीने कुणाला सोडायला जावं लागतं? कुठला पाठ करायचा मजकूर आहे का, चुकलं तर काय होतं? गुण अचानक घसरले, सकाळचे वर्ग बुडायला लागले, एकाच गटाची मुलं एकसारखे कपडे घालून ओळीत चालू लागली, तर नोंद करा. तारीख, वेळ, तुम्ही काय पाहिलं, निष्कर्ष नको.

आणि हे सगळं फक्त मुलांच्या फ्रॅटर्निटीत होतं, असं धरू नका. सोरॉरिटीत दारूपेक्षा झोप, खाणं आणि अपमान यांतून होतं. छोट्या सांस्कृतिक संघटनांत मारहाण आणि व्यायामाच्या शिक्षांमधून. आपल्या दक्षिण आशियाई चॅप्टरमध्ये होणारच नाही, ही समजूत तर पहिल्याच आठवड्यात सोडा.

८. रात्री दोनला फोन वाजला तर

क्रम असा ठेवा. आधी विचारा, ॲम्ब्युलन्स बोलावली का? नसेल तर फोन ठेवायला लावा आणि ९११ लावायला सांगा. बेशुद्ध माणसाला झोपू द्या, सकाळी ठीक होईल, असं कुणी म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. बऱ्याच राज्यांत आणि विद्यापीठांत मदत मागणाऱ्याला दारूच्या नियमभंगातून सूट मिळते. ही सूट कशी चालते हे ऑगस्टमध्येच प्रत्येक चॅप्टरला सांगून ठेवा, दोन वाजता समजावत बसायला वेळ नसतो.

मग ऑन-कॉल डीनला फोन. मग तुमचे वरिष्ठ. मग मुख्यालय, पण वरिष्ठांशी बोलून. घटनास्थळी स्वतः धावत जाऊ नका. पोलिसांच्या मध्ये उभा राहिलेला सल्लागार पुढे साक्षीदार होतो. विद्यार्थ्यांना मेसेज पुसायला सांगणं तर सोडाच, ते पुसू नका असं स्पष्ट सांगा. पत्रकाराचा फोन आला तर जनसंपर्क विभागाचा नंबर द्या, एवढंच. सकाळी झोपण्याआधी काय कधी झालं ते क्रमाने लिहून काढा.

त्यानंतर काही दिवस चॅप्टर तात्पुरतं थांबवण्याचा आदेश निघू शकतो. चौकशी आचारसंहिता विभाग करतो. तुम्ही चौकशी अधिकारी होऊ नका, वकीलही होऊ नका. त्या घरातली साठ मुलं घाबरलेली असतात, त्यांना प्रक्रिया काय आणि तारखा कोणत्या हे सांगणारं माणूस लागतं. ते काम घ्या.

९. व्हिसाचं गणित पहिल्याच सेमिस्टरला मांडा

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. या ऑफिसात रिक्रूटमेंटच्या आठवड्यात ती सहज ओलांडली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तास लिहून ठेवा, वरिष्ठांना ऑगस्टच्या आधी सांगा. सवलत मागताय असं वाटू देऊ नका, हा कायदा आहे.

उच्च शिक्षण प्रशासनाची पदवी स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, म्हणजे ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) १२ महिन्यांचीच. दिलासा एवढाच, की विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेचं आणि लॉटरीचं बंधन नसतं. पण ‘कोऑर्डिनेटर’ दर्जाच्या पदासाठी व्हिसा करायला प्रत्येक विद्यापीठ तयार होत नाही, म्हणून मुलाखतीच्या पहिल्या फेरीतच विचारा. फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी सल्लागारांची एएफए ही व्यावसायिक संघटना १९७६ पासून आहे. तिचं वार्षिक अधिवेशन डिसेंबरच्या आसपास होतं, नोकरीच्या ओळखी तिथे होतात. ऑफिसकडून खर्च मागा. मिळत नसेल तर स्वयंसेवक म्हणून काही सवलत आहे का, ते बघा.

तुम्ही स्वतः कुठल्या फ्रॅटर्निटीचे नाही, हे मुलं पहिल्याच दिवशी विचारतील. खरं सांगा आणि पुढच्या कामाला लागा. उलट एखादी संघटना तुम्हाला मानद सदस्य करून घ्यायला निघाली, तर नोकरी असेपर्यंत नको म्हणा.

१०. डिसेंबर: नवे पदाधिकारी येण्याआधी

बहुतेक चॅप्टरमध्ये निवडणूक नोव्हेंबरात होते आणि जानेवारीत नवी कार्यकारिणी बसते. म्हणजे तुम्ही चार महिने ज्यांच्याशी संबंध जोडले ते बाजूला, आणि नवे लोक समोर. जुन्या-नव्या अध्यक्षांना एकत्र एका तासासाठी बसवा. बँकेचे अधिकार, ईमेलचे पासवर्ड, घराच्या किल्ल्या, अर्धवट राहिलेल्या शिक्षेच्या अटी, विमा, देणी हे सगळं त्या तासात टेबलावर यायला हवं. खजिनदाराचं हस्तांतर वेगळं करा, ते नेहमी जास्त वेळ घेतं. जुन्या खजिनदाराने थकलेल्या वर्गणीची यादी देण्याआधी त्याला सुट्टीवर जाऊ देऊ नका. जानेवारीत तो सेमिस्टरभरासाठी स्पेनला गेलेला असतो आणि फोन उचलत नाही.